खाली उजवीकडे गोल शिक्का

सातारच्या एका शिक्षणसंस्थेच्या संकेतस्थळावरचं कुठलंही पान उघडावं आणि शेवटपर्यंत ऐकावं. पत्ता होतो, फोन नंबर होतो, सर्व हक्क राखीव होतात, आणि मग फोनमधली बाई एक वाक्य म्हणते : "हे संकेतस्थळ दृष्टिबाधित तज्ज्ञ श्री. नाथाजी पुकळे यांनी तपासले असून ते अंध व्यक्तींसाठी पूर्णपणे सुगम आहे." ज्याला दिसतं तो माणूस पानाच्या तळापर्यंत कधी जात नाही. त्यामुळं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून हे वाक्य नेमानं ऐकणारी माणसं दोनच होती. एक खुद्द नाथाजी आणि दुसरी त्याची भाची क्रांती.

फोनमधली बाई म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारी सोय. नाथाजीच्या घरात तिला सगळे बाईच म्हणत. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर घरात आलेल्या या बाईवर बनुबाईनं, म्हणजे नाथाजीच्या बायकोनं, सुरुवातीला तोंड फिरवलं होतं. पुढं तिच्या लक्षात आलं की नवरा दिवसभर त्या बाईचं ऐकत बसतो तेवढा वेळ आपलं डोकं खात नाही. मग तिनं तक्रार सोडून दिली.

पुकळ्यांच्या घरात डोळ्याचा पडदा सुकत जायचा रोग होता. आटपाडीकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या पिढ्यांनी त्याला रातांधळं म्हटलं आणि पोरी आत्याच्या घरी द्यायचं चालू ठेवलं. त्यामुळं जमीन, मेंढरं आणि रोग तिन्ही घरातल्या घरात राहिलं. नाथाजीचं दिसणं अठ्ठाविसाव्या वर्षी संपलं. तोवर तो बी. ए. झाला होता. एका साखर कारखान्यात त्यानं टेलिफोन ऑपरेटर म्हणून चौदा वर्षं काढली. मग सगळ्यांच्या खिशात फोन आले, कारखान्यानं टेलिफोनचा बोर्ड भंगारात घातला आणि नाथाजीला शाल दिली. त्यानंतर तो सांगलीत विश्रामबागेत दिग्विजयरावांच्या कंपनीत लागला. कंपनीचं काम एकच होतं, लोकांची संकेतस्थळं आंधळ्या माणसाला वापरता येतील अशी करून द्यायची. कंपनीत बाकीच्या सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळं खरं काम नाथाजीलाच होतं.

थोरल्या बहिणीची, राहीबाईची, क्रांती ही एकुलती एक. राहीबाईचा नवरा बाळासो कोयनानगरला धरणाच्या कामावर होता. क्रांतीचे डोळे एकोणिसाव्या वर्षी गेले. तेव्हा नाथाजी एसटीनं कोयनानगरला गेला, चार दिवस राहिला, तिच्या हातात फोन दिला आणि बाईची ओळख करून दिली. निघताना तो तिला म्हणाला, "पोरी, दिसत न्हाई ह्याचं काय वाटून घिऊ नको. दरवेळी कुणाला तरी इचारावं लागतं, त्याचं वाटून घे. आपल्याला इचारायचंच न्हाई."

हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. क्रांतीनं ते जसंच्या तसं उचललं. दहा वर्षांत ती बी. कॉम. झाली, टायपिंग शिकली, बँकेचं पासबुक, गॅसचा नंबर, आईच्या गोळ्यांवरची तारीख सगळं स्वतःच बाईकडून ऐकायला लागली. राहीबाई एकदा कौतुकानं म्हणाली होती की ही पोरगी आता मला सुद्धा काय विचारत नाही. ते कौतुक होतं की दुसरं काही, हे नाथाजीनं तपासलं नाही.

सातारच्या त्या संस्थेचं काम कंपनीला मिळालं तेव्हा करारात एक कलम होतं : कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण. नाथाजी साताऱ्याला गेला. मुख्य कार्यालयातले चौदा लिपिक समोर बसवले होते. आधी सत्कार झाला. प्रमुख पाहुण्यांनी 'डोळसांनाही जे दिसत नाही ते यांना दिसतं' असं भाषण केलं आणि नाथाजीला अजिंक्यताऱ्याचं फ्रेम केलेलं मोठं चित्र भेट दिलं. काचेवरून हात फिरवत त्यानं आभार मानले.

मग त्यानं मुद्दे सांगायला घेतले. मुद्दे सात होते आणि तोंडपाठ होते. सहावा मुद्दा चित्रांचा. बाईला मजकूर वाचता येतो, चित्र वाचता येत नाही, म्हणून पानावर चित्र टाकलं की त्याच्यामागं थोडक्यात वर्णन लिहून ठेवायचं, बाई ते वाचते, हे त्यानं समजावून दिलं. "दिसतं तेवढंच लिहा," तो म्हणाला. "पदरचं काही घालू नका." सरावाला संस्थापकांचा फोटो दिला. कुणी 'थोर विभूती' लिहिलं, कुणी 'ज्ञानाचा महासागर'. स्वप्नाली नावाच्या एका लिपिक मुलीनं लिहिलं, "फेटा बांधलेले वृद्ध गृहस्थ, खुर्चीत बसलेले. उजव्या हातात काठी." नाथाजीनं तिला सगळ्यांसमोर पहिला नंबर दिला.

सातवा मुद्दा असा होता की चित्रात अक्षरं असतील, म्हणजे ते एखाद्या कागदाचं चित्र असेल, तर त्यातला मजकूर अक्षर न अक्षर लिहून द्यायचा. पण तेवढ्यात जेवण तयार असल्याचा निरोप आला. अख्खा मसूर होता. जेवणानंतर अध्यक्ष आले, त्यांनी संस्थेचा इतिहास सांगितला, आणि इतिहास संपेस्तोवर सांगलीच्या गाडीची वेळ झाली.

पुढं तीन महिन्यांत काम पूर्ण झालं. दिग्विजयरावांनी संगणकावरच्या तपासणीला संकेतस्थळ लावलं, शंभरपैकी शंभर गुण आले, नाथाजीनं सही केली आणि त्याचं नाव प्रत्येक पानाच्या तळाला जाऊन बसलं.

त्याच पानांवर पुढं जानेवारीत जाहिरात लागली. लिपिक, एक जागा, अंध प्रवर्गासाठी राखीव. कितवी जागा कुठल्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या भरतीच्या बिंदुनामावलीत हा बिंदू नऊ वर्षांनी उगवला होता. क्रांती त्या वेळी एकोणतीस वर्षांची होती. बाळासो जूनमध्ये निवृत्त होणार होता. मग क्वार्टर सोडायचं आणि आटपाडीकडं माळावरच्या घरात जायचं. तिथं चार मेंढरं होती आणि क्रांतीसाठी काही म्हणजे काही नव्हतं. पुढचा बिंदू उगवेपर्यंत ती अडतीसची झाली असती. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

फॉर्म तिनं स्वतः भरला. एका जागी अडकली नाही. शेवटी मामाचं नाव ऐकू आलं तेव्हा तिनं तिथंच थांबून ते दोनदा ऐकलं आणि फोन करून मामाला सांगितलं. नाथाजी दिवसभर कंपनीत कुणाशी वाकडं बोलला नाही. प्रवेशपत्र आलं. परीक्षा मार्चच्या शेवटच्या रविवारी अकरा वाजता, हजेरी दहाला, केंद्र सातारा. तिच्या वतीनं पेपर लिहायला लेखनिक संस्था देणार होती.

इथं संस्थेच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. सही-शिक्का नसलेल्या कागदाला तिथं कुणी कागद मानत नाही. सूचना काढायची झाली की लिपिक ती संगणकावर टाइप करतो. मग छापून घेतो. मग सचिव सही करतात, सहीवर शिक्का बसतो, जावक नंबर हातानं पडतो, आणि मग तो कागद स्कॅन करून त्याचं चित्र संकेतस्थळावर चढवलं जातं. म्हणजे जो मजकूर मुळात संगणकातच होता आणि जो बाईला घडाघडा वाचता आला असता, तो बाहेर काढून, शिक्क्याखाली दाबून, चित्र करून परत आत ठेवायचा. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. शिक्का नसला तर खोटं वाटेल, एवढीच काळजी असते.

जाहिरातीच्या वेळी मजकूर कंपनीनंच पानावर घातला होता आणि चार दिवसांनी त्याच मजकुराची शिक्क्याची प्रत शेजारी येऊन बसली होती. हे नाथाजीच्या लक्षात होतं, आणि लक्षात होतं हेच वाईट झालं.

परीक्षेआधीच्या शुक्रवारी सगळ्या उमेदवारांना मेसेज गेला, परीक्षेबाबत संकेतस्थळ पाहावे. क्रांतीनं पाहिलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तिचा फोन आला.

"मामा, एक नवा कागद लागलाय. वर नुसतं 'परीक्षेबाबत' म्हणून हाय. आत चित्र हाय."

"वर्णन हाय का?"

"हाय की. बाई म्हंती, पांढरा कागद, काळी अक्षरे, वर संस्थेचे बोधचिन्ह, खाली उजवीकडे गोल शिक्का, निळा. शिक्क्यावर सचिवांची सही. एवढंच. ह्यात काय आसंल वं?"

नाथाजीनं स्वतः उघडून ऐकलं. शब्द न शब्द तोच. ऐकताना त्याला बरं वाटलं, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. कुणीतरी मन लावून काम केलं होतं. शिक्क्याचा रंगसुद्धा सोडला नव्हता. कागद वाचून दाखवणारं एक ॲप त्याच्या फोनमध्ये होतं, फोटोतली अक्षरं ओळखून बोलणारं. वर्णन नसतं, बाई नुसतीच 'चित्र' म्हणून पुढं गेली असती, तर त्यानं शिवी हासडून ते ॲप लावलंच असतं. पण वर्णन होतं. वर्णन असलेलं चित्र म्हणजे निकाली निघालेलं चित्र, असं गेली सहा वर्षं तोच लोकांना शिकवत होता.

"आधीच्याच सूचनेची सहीची प्रत हाय ती," तो म्हणाला. "जाहिरातीच्या टायमाला न्हाई का लावली हुती."

"मामीला दावता का जरा? दादा ड्यूटीवर गेल्याती, आन् आईला वाचाय येत न्हाई."

मामी हाताच्या अंतरावर शेंगा फोडत बसली होती. सातवी पास, नजर अशी की समोरच्या दुकानावरची पाटी वाचून दाखवील. दहा सेकंदांचं काम होतं.

"मामीला कशाला?" नाथाजी म्हणाला. "बाईनं सांगितलं की."

क्रांती व्हय म्हणाली. मग तिनं मामीच्या गुडघ्याची चौकशी केली.

रविवारी पहाटेच्या गाडीनं बाप-लेक कोयनानगरहून निघाले आणि साडेनऊला साताऱ्यात पोचले. दहा वाजून दहा मिनिटांनी नाथाजीचा फोन वाजला. बाळासो होता. त्याचा आवाज उगाचच हळू होता, दवाखान्यात बोलतात तसा.

"नाथा, हितं फाटकाला कुलूप हाय. वॉचमन म्हंतो, आंधळ्यांची परीक्षा हितं न्हाई."

नाथाजीनं वॉचमनकडं फोन द्यायला सांगितलं. वॉचमन भला माणूस होता. फाटकाला एक कागद चिकटवला होता तो त्यानं शाळेत धडा वाचतात तसा सुरात वाचला. मुख्य इमारतीतील लिफ्ट नादुरुस्त असल्याने, दिव्यांग उमेदवारांच्या सोयीसाठी, त्यांचे परीक्षा केंद्र सातारा ऐवजी संस्थेचे कनिष्ठ महाविद्यालय, विश्रामबाग, सांगली येथे करण्यात येत आहे. वेळेत बदल नाही. एवढं वाचून, काही राहायला नको म्हणून तो म्हणाला की खाली सही आहे आणि गोल शिक्का आहे.

विश्रामबागेतलं ते कॉलेज नाथाजीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. साताऱ्याहून ते एकशे वीस किलोमीटरवर होतं.

नाथाजीनं काठी घेतली. बनुबाई येते म्हणाली, तो थांबला नाही. दोनदा वाट चुकून रिक्षा स्टँडच्या खांबाला जाऊन आपटला, जे त्याच्या बाबतीत वर्षानुवर्षं झालं नव्हतं. कॉलेजात शिरताना पायाखाली उतार लागला. चांगला रॅम्प होता, कठड्यासकट. वर्ग तळमजल्यावर. आत पंख्याचा आवाज आणि चार-पाच माणसांची कुजबूज.

"सर, तुम्ही?" असा आवाज आला आणि त्याला ओळख पटली. स्वप्नाली होती. तिला साताऱ्याहून परीक्षेच्या ड्यूटीवर पाठवलं होतं. सर आले म्हणून तिला खरोखरच आनंद झाला होता आणि तिनं आधी त्यांना खुर्ची दिली.

सात उमेदवारांपैकी चार आले होते. चौघांच्याही घरी कागद डोळ्यांनी बघणारं कुणी ना कुणी होतं, आणि चौघांनीही त्याला विचारलं होतं. क्रांती बाळासो काळेल या नावाच्या बाकावर लेखनिक म्हणून एक कॉलेजची मुलगी दोन पेनं काढून बसली होती. केंद्रप्रमुखांनी नाथाजीचं शांतपणे ऐकून घेतलं आणि साताऱ्याला सचिवांना फोन लावला. सचिव म्हणाले की बाब सहानुभूतीची आहे, पण सूचना दोन दिवस आधी संकेतस्थळावर होती आणि संकेतस्थळ अंधांसाठी पूर्ण सुगम असल्याचं तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आहे. तज्ज्ञाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. अर्ज लेखी द्यावा, विचार करू. केंद्रप्रमुखांनी हे सगळं तज्ज्ञाला सांगितलं.

अकराला घंटा झाली. दार लोटलं गेलं. व्हरांड्यात नाथाजी आणि स्वप्नाली उरले.

"त्या कागदाचं वर्णन कुणी लिहिलं?" नाथाजीनं विचारलं.

"मीच, सर." तिचा आवाज खुलला. "तुमच्या कार्यशाळेनंतर मी एकही चित्र तसं सोडलं नाही. बरोबर होतं ना?"

"शिक्क्याचा रंग लिहिलास."

"निळाच होता, सर."

"आणि कागदावर काय लिहिलं होतं, ते?"

ती गोंधळली. प्रश्नात काहीतरी खोच असावी असं तिला वाटलं. "ते तर कागदावर लिहिलेलंच होतं की, सर," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता, दिसतं तेवढंच लिहा. पदरचं काही घालू नका."

नाथाजीला सातवा मुद्दा तोंडपाठ होता. तो त्यानं तिला आता सांगितला, सावकाश, कार्यशाळेत सांगितला असता तसा. ती ऐकत राहिली. तिला समजत गेलं ते तिच्या श्वासावरून त्याला कळलं. मग ती रडायला लागली आणि आतल्या परीक्षेला त्रास नको म्हणून तोंडावर ओढणी धरून रडली. वर्णन बरोबर होतं, एवढंच नाथाजी म्हणाला, आणि ते खरं होतं.

साताऱ्यात क्रांती फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसून होती. नाथाजीनं तिला फोन लावला. झालेलं तो सांगायला लागला, तेवढ्यात तीच म्हणाली, "मामा, तुमी आता घरी जावा. ऊन लागंल." पुढं म्हणाली, दादांना भूक लागलीय, हितं कुठंतरी भजी खातो आन् दोनच्या गाडीनं निघतो.

लेखी अर्ज नाथाजीनं सोमवारीच दिला. संस्थेनं महिन्यानं उत्तर दिलं. ते ईमेलनं आलं आणि कागदाचं चित्र होतं. या वेळी त्यानं ते बनुबाईला वाचायला लावलं. तिनं अडखळत वाचलं : उमेदवार गैरहजर असल्याने विनंती मान्य करता येत नाही. जागा चौघांपैकी कऱ्हाडच्या एका मुलाला मिळाली. तो हुशार होता असं म्हणतात, आणि असणारच.

आपलं नाव पानांच्या तळाहून काढा, असं नाथाजी दिग्विजयरावांना म्हणाला. दिग्विजयरावांना वाईट वाटलं. त्यांनी त्याच्यासमोर संकेतस्थळ पुन्हा तपासणीला लावलं आणि पडदा त्याच्याकडं वळवला.

"शंभरपैकी शंभर आहेत, नाथाजीराव. आजसुद्धा. त्या कागदासकट." करार तीन वर्षांचा आहे, ते म्हणाले, नाव काढलं तर संस्था विचारील का काढलं, मग सगळंच निघेल, तुमचीच शोभा होईल. सातवा मुद्दा सगळ्या लिपिकांना पत्रानं कळवू. पत्र गेलं. पोचल्याचं कळलं नाही. नाव राहिलं. नाथाजी कामावर येत राहिला, कारण पन्नाशीला टेकलेल्या आंधळ्या माणसाला टेलिफोन ऑपरेटर म्हणून आता कुणी घेत नव्हतं.

जूनमध्ये बाळासोनं क्वार्टर सोडलं. ऑगस्टमध्ये नाथाजीच्या कानावर कोल्हापूरच्या एका बँकेची जाहिरात आली. तात्पुरती जागा होती, पण होती. त्यानं क्रांतीला फोन केला. माळावर रेंज येत-जात होती. त्यानं तिला घाईघाईनं सांगितलं की पान मी स्वतः सगळं तपासलंय, चित्र एकही नाही, सगळा मजकूर बाई वाचते, तू उघडून बघ.

"बघितली मामा ती जाहिरात," क्रांती म्हणाली. "परवाच वाचून घेतली."

"बाईकडनं?"

"न्हाई. शेजारची राणी हाय न्हवं, धाव्वीतली. तिच्याकडनं. आता समदं तिच्याकडनंच वाचून घेती. झटक्यात वाचती ती. फोन ठेवलाय मी आपला बोलण्यापुरता."

नाथाजीकडं यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दहा वर्षं तो तेच सांगत आला होता. राणी उद्या लग्न होऊन जाईल, तिला कंटाळा येईल, ती एखादी ओळ गाळील, तुझी पत्रं गावभर होतील. सगळं खरं होतं. तो म्हणाला, "बरं."

"मामी हाय का जवळ? द्या की तिला जरा."

त्यानं फोन पुढं केला. बनुबाईनं पदराला हात पुसून तो घेतला, स्पीकर बंद केला आणि बोलत बोलत परसदारी गेली.